हाताची घडी, तोंडावर बोट

व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरात एक वाक्य हमखास ऐकू येतं: समोरच्यानं हाताची घडी घातली, की समजा त्याचं मन बंद झालं. गंमत म्हणजे वक्ता हे सांगत असतो तेव्हा सभागृहातले निम्मे लोक हाताची घडी घालूनच मन लावून ऐकत असतात. मराठी शाळेत मुळाक्षरांच्याही आधी गिरवला जाणारा धडा म्हणजे 'हाताची घडी, तोंडावर बोट'. बाई वर्गात आल्या की घडी, साहेब तपासणीला आले की घडी, गोष्ट ऐकायची असली तरी घडी. ही सवय एकदा अंगात मुरली, की मोठं माणूस बोलायला उभं राहिल्यावर हात आपसूक छातीशी जातात. त्यात ना विरोध असतो, ना बचाव. शिवाय एसीचा गार झोत असतो, खुर्चीला हात नसतात, पोट सुटलेलं असतं, काखेत शर्ट भिजलेला असतो. एका घडीमागं इतकी कारणं, आणि पुस्तिका त्यातलं एकच छापते.

अशा पुस्तिका एसटी स्टँडवरच्या स्टॉलवर मिळतात. आता त्यांचेच तुकडे रील होऊन फिरतात. नाकाला हात लावला म्हणजे खोटं, पाय दाराकडे वळले म्हणजे जायची घाई, हनुवटीवर बोट म्हणजे विचार चाललाय. माझं मत विचाराल तर हे सगळं हस्तसामुद्रिकाच्या शेजारच्या कपाटात ठेवावं. पण म्हणून देहबोली वाचताच येत नाही असं नाही. ती रोज वाचली जाते आणि उत्तम वाचली जाते. फक्त ती चांगली वाचणारी माणसं सुटी खूण घेऊन बसत नाहीत. शरीर इतकंच सांगतं की इथं काहीतरी बदललं. का बदललं, ते सांगत नाही. ते विचारावं लागतं, किंवा करून बघावं लागतं.

पंगतीतला मुरलेला वाढपी बघा. जिलबीचं ताट किंवा मसालेभाताचं पातेलं घेऊन तो ओळीनं वाकत येतो. प्रत्येक पानापाशी त्याला दोन-तीन सेकंदांत ठरवायचं असतं: हे 'नको' खरं आहे, की आग्रहाची वाट बघणारं? शब्द दोन्हीकडे तेच. खऱ्या 'नको'चा हात लवकर येतो. वाढपी शेजारच्या पानाशी असतानाच तो आपल्या पानावर आडवा झालेला असतो, तळवा खाली, बोटं जुळलेली, पानापासून चार बोटं वर. खांदेही किंचित पुढं झुकतात, आणि पातेलं जवळ आलं तरी हात हलत नाही. लटक्या 'नको'चा हात उशिरा येतो. आधी नजर पातेल्यात जाते, मग वाढप्याच्या तोंडाकडे, मग हसू, आणि मग कुठं हात पानाच्या कडेशी येतो, बोटं फाकलेली, मान मागं. भात वाढायला मधे मोकळं मैदान. तिसरा प्रकार अंगठा आणि तर्जनीत फट दाखवून 'एवढंसंच' म्हणणाऱ्यांचा. तिथं फट बघायची नसते, पान बघायचं असतं. आधीचा भात तसाच पडलेला असेल तर एवढंसंच म्हणजे एवढंसंच. पान साफ असेल तर खुशाल डाव भरून वाढावा.

या दोन-तीन सेकंदांत तो नेमकं काय करतो? पहिल्या वाढीपासून त्यानं हे पान बघितलेलं असतं; कोण भराभर जेवतो, कोण चटणीलाही नकोच म्हणाला होता, हे त्याच्या ध्यानात असतं. म्हणजे त्या माणसाची नेहमीची ठेवण त्याला ठाऊक असते. मग हात कधी आला, भांडं दिसल्याबरोबर की डाव उचलल्यावर, हे तो बघतो. हात, नजर आणि मान एकच गोष्ट सांगताहेत का, हे बघतो. आणि तरी शंका उरली तर डाव अर्धा खाली नेऊन थांबतो. खरा नकार असेल तर हात वर येऊन डावाला अडवतो; लटका असेल तर मागं सरकतो. अंदाजावर विसंबायचं नाही, तो तिथल्या तिथं तपासायचा.

तरी चुकतोच. सासुरवाडीला पहिल्यांदा आलेला जावई पोट फुटेस्तोवर जेवलेला असतो, पण ठाम 'नको' म्हणायचं धाडस होत नाही, म्हणून खरा नकारही तो लटक्यासारखा हसून देतो. मधुमेह असलेल्या काकांची नजर जिलबीवर जाते ती इच्छेनंच, पण इच्छा म्हणजे होकार नव्हे. मात्र वाढप्याची चूक लपत नाही. पान उचलताना टाकलेली जिलबी समोर दिसते. वर्षानुवर्षं अशा चुका डोळ्यांसमोर आल्या की नजर तयार होते. मुलाखत घेणारे, पोलिस, बढती ठरवणारे साहेब यांना ही सोय नसते. नाकारलेला उमेदवार दुसरीकडे किती चांगलं काम करतोय हे कळायचा मार्गच नसतो, आणि 'मी माणूस बघताच ओळखतो' हा समज वयाबरोबर पक्का होत जातो.

या विषयातले आकडेही असेच पक्के होऊन बसलेत. संवादात शब्दांचा वाटा ७ टक्के, आवाजाचा ३८ आणि चेहऱ्याचा ५५, हे स्लाइडवर दाखवल्याशिवाय कार्यशाळा पुरी होत नाही. हे आकडे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ सालच्या दोन प्रयोगांची गोळाबेरीज आहेत. प्रयोग होते एकेका सुट्या शब्दाचे. त्यातल्या एकात 'मेबी' हा शब्द तीन वेगवेगळ्या सुरांत ऐकवायचा, सोबत वेगवेगळ्या भावाच्या चेहऱ्याचा फोटो दाखवायचा आणि विचारायचं, बोलणाऱ्याला समोरचा आवडतो की नाही? शब्द, सूर आणि चेहरा यांचा मेळ नसेल तेव्हा आवडी-निवडीचा अंदाज ऐकणारा कशावरून बांधतो, एवढाच त्यातला प्रश्न. हे सगळ्या बोलण्याला लागू नाही, असं मेहराबियन यांनी स्वतःच सांगितलेलं आहे. तसं नसतं तर चिनी माणसाच्या चिनी भाषणातलं ९३ टक्के आपल्याला कळायला हवं होतं. दुसरा गाजलेला सल्ला म्हणजे मुलाखतीआधी दोन मिनिटं छाती काढून, हातपाय पसरून ऐटीत उभं राहा, शरीरातली संप्रेरकं बदलतात. तो निघाला २०१० सालच्या ४२ जणांवरच्या प्रयोगातून. २०१५ मध्ये २०० जणांवर पुन्हा केला तर संप्रेरकांत फरक दिसला नाही, आणि २०१६ मध्ये मूळ निबंधाच्या पहिल्या लेखिका डॅना कार्नी यांनीच आपला त्यावर विश्वास उरला नसल्याचं जाहीर केलं. सल्ला मात्र अजून फिरतोय.

मानेचं प्रकरण आपल्याकडे अधिक गुंतागुंतीचं आहे. चार्ल्स डार्विननं १८६७ मध्ये जगभरच्या ओळखीपाळखीच्यांना एक प्रश्नावली पाठवली होती. हो म्हणताना मान उभी आणि नाही म्हणताना आडवी हलते का, हा त्यातला एक प्रश्न. त्यातून १८७२ मध्ये त्याचं भावदर्शनावरचं पुस्तक आलं. मान सगळीकडे सारखी हलत नाही; बल्गेरियात तर पारंपरिक हो-नाही आपल्या उलट. आपल्याकडे तीन तऱ्हा आहेत. हनुवटी वर-खाली: हो. नाक डावीकडून उजवीकडे: नाही. आणि तिसरी, कान खांद्याकडे झुकवत केलेली तिरकी डोल. तिचा अर्थ 'चालेल', 'ऐकतोय', 'बरं बरं', 'बघतो', यांतलं काहीही. नाट्यशास्त्राच्या आठव्या अध्यायात भरतानं डोक्याच्या १३ हालचाली आणि ३६ दृष्टी सांगितल्या आहेत. आळीपाळीनं दोन्ही बाजूंना जाणाऱ्या 'परिवाहित' डोक्याचे उपयोग देताना आनंद, विस्मय, आठवण आणि लपवाछपवी हे सगळं तो एकाच यादीत घालतो. रंगभूमीवर प्रसंग, बोल आणि बाकीचं अंग मदतीला असतं म्हणून प्रेक्षकाचा घोटाळा होत नाही.

घोटाळा होतो तो पुण्याच्या ऑफिसातून अमेरिकेतल्या ग्राहकाशी व्हिडिओ कॉलवर बोलताना. 'शुक्रवारपर्यंत होईल?' असं तो विचारतो, आणि टीममधले चौघं मान हलवतात. दोघांच्या मानेचा अर्थ 'प्रश्न कळला', एकाच्या मानेचा 'प्रयत्न करू', चौथ्याची मान शेजाऱ्याची बघून हललेली. पलीकडे चार होकार मोजले जातात. इथं इलाज साधा आहे: मान हलवली तरी वाक्य तोंडानं पुरं करायचं. 'शुक्रवारी संध्याकाळपर्यंत पहिला भाग देतो, दुसरा मंगळवारी.'

कॉलवरचा त्याहून छुपा घोटाळा थांबण्याचा. संशोधक तान्या स्टिव्हर्स आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दहा भाषांमधली बोलणी मोजली. प्रश्न संपल्यापासून उत्तर सुरू होईपर्यंतचा काळ सगळीकडे सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास, भाषेभाषेत फरक अगदी थोडा. डोळा मिटून उघडायलाही साधारण तेवढाच वेळ लागतो. होकार या वेळेत येतो, नकार मागं रेंगाळतो. म्हणूनच 'रविवारी येणार ना?' या प्रश्नानंतर पाऊण सेकंद शांतता पडली, की 'बघू' हा शब्द यायच्या आधीच विचारणाऱ्याला उत्तर कळलेलं असतं. मराठी माणसाचं 'बघू' हे बहुतेक वेळा सभ्य 'नाही' असतं हे आपल्याला माहीत आहेच, पण तेही लगेच आलं तर आशा ठेवायला जागा आहे. आता नेटवर्कनं मधे अर्धा सेकंद घातला की काय होईल? माणूस मनापासून, तत्काळ 'हो' म्हणालेला असतो आणि पलीकडच्याला तो चाचरल्यासारखा वाटतो. त्यातून डोळ्याला डोळा भिडवायचा तर कॅमेऱ्यात बघावं लागतं, आणि कॅमेऱ्यात बघितलं की समोरच्याचा चेहरा दिसत नाही. नातवाशी बोलणारे आजोबा स्क्रीनवरच्या नातवाच्या डोळ्यांतच बघत असतात, आणि नातवाला ते खाली बघताहेत असं दिसतं. अशा कॉलवर कुणाच्या नजरेवरून किंवा थांबण्यावरून काही ठरवू नये. पैशाचा किंवा लग्नाचा विषय असेल तर साधा फोन बरा.

अंतराबद्दल थोडक्यात. मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड हॉल यांनी १९६६ मध्ये अमेरिकन मध्यमवर्गीय माणसं बघून पट्टे आखले: ४५ सेंटिमीटरपर्यंत जिवलगांचं, तिथून सव्वा मीटरपर्यंत ओळखीच्यांचं, तिथून साडेतीन मीटरच्या जरा पुढंपर्यंत कामकाजाचं. मुंबईच्या लोकलमध्ये गर्दीच्या वेळी चौरस मीटरला १४ ते १६ माणसं उभी असतात. सगळे जिवलगांच्या पट्ट्यात आणि कुणी कुणाचं नाही. तिथं शरीर दुसरे उपाय करतं. हात वर कडीला, बॅग पोटावर, चेहरा थोडा वळवलेला आणि नजर पंख्यावर, मोबाइलवर किंवा इंडिकेटरवर. जागा देता येत नाही म्हणून निदान नजरेची मोकळीक दिलेली असते. तिथं अवघडायचं कारण धक्का सहसा नसतं. रोखून बघणं असतं. आणि हीच नजर टाळणारी माणसं अंधेरीला उतरून ऑफिसात शिरली की कुणीतरी त्यांना 'आय काँटॅक्ट ठेवा' म्हणून शिकवतं.

नजर चुकवणं आणि खोटं बोलणं यांची सांगड सगळ्यात घट्ट बसलीय, आणि सगळ्यात जास्त नुकसान तिनंच केलंय. खोटं बोलणारा कसा ओळखावा असं ५८ देशांत विचारलं गेलं, निष्कर्ष २००६ मध्ये छापले गेले, आणि सर्वाधिक लोकांचं उत्तर एकच होतं: तो डोळ्याला डोळा देत नाही. त्याच वर्षी चार्ल्स बाँड आणि बेला डीपॉलो यांनी तोवरच्या २०६ शोधनिबंधांचं एकत्र गणित मांडलं. २४ हजारांहून जास्त लोकांनी दिलेले निवाडे, खरं की खोटं. अचूकता ५४ टक्के. नाणं उडवलं असतं तर ५० मिळाली असती. अमेरिकेच्या विमानतळांवर वागण्यावरून संशयित हेरणारे अधिकारी नेमण्यासाठी २००७ पासून सुमारे ९० कोटी डॉलर खर्च झाले. २०१३ मध्ये तिथल्याच सरकारी लेखापरीक्षण कार्यालयानं, ही पद्धत चालते याला पुरावा नाही, पैसा आवरा, अशी शिफारस केली.

आपल्याकडे तर मोठ्यांसमोर नजर खाली ठेवणं हे संस्कारात बसतं. 'वर तोंड करून बोलतोस?' हे ऐकत वाढलेला मुलगा पुढं चौकशीत खाली बघून बोलतो, आणि चौकशी करणाऱ्यानं रील बघितलेलं असतं. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ च्या कलम ३१५ प्रमाणं (२०२४ पर्यंत फौजदारी प्रक्रिया संहिता, १९७३ चं कलम २८०) साक्षीदाराच्या साक्ष देतानाच्या वागण्याबद्दल न्यायाधीशांना महत्त्वाची वाटेल ती नोंद करावी लागते. तरतुदीत वावगं काही नाही. पण पहिल्यांदा पिंजऱ्यात उभं राहिलेल्या, घाम पुसणाऱ्या, घसा खाकरणाऱ्या, वकिलाऐवजी जमिनीकडे बघून बोलणाऱ्या बाईच्या शरीरावरून कळतं ते एवढंच की तिला ताण आलाय. कोर्टाचा, गर्दीचा, गावच्या पाटलासमोर बोलण्याचा, की खोटं बोलण्याचा, यांतला कुठला ताण आहे ते घामाला माहीत नसतं. खोटं शोधायचंच असेल तर हातापायांपेक्षा सांगण्यात शोधावं: किती वाजता, सोबत कोण, परत कशानं आलात, तिकीट कुठं आहे. कुठल्या प्रश्नाशी घसा कोरडा पडला एवढं टिपून ठेवावं आणि त्याच जागी आणखी दोन साधे प्रश्न विचारावेत. घसा प्रश्न विचारायची जागा दाखवतो, निकाल देत नाही.

हसण्यावरही असाच एक ठोकताळा आहे. ओठांसोबत डोळ्यांभोवतीचा स्नायू आवळला, कडेला सुरकुत्या पडल्या तर हसू खरं. निरीक्षण ड्यूशेन या फ्रेंच डॉक्टरचं, १८६२ सालचं, आणि चांगलं आहे. पण नंतरच्या प्रयोगांत बऱ्याच जणांना ते हसू ठरवूनही आणता आलं. लग्नाचे फोटो काढणारे आणि काढून घेणारे हे जाणतातच.

मग शरीर वाचण्यावाचून गत्यंतरच नसतं तिथं काय करायचं? स्मृतिभ्रंशानं बोलणं गेलेल्या आजी घरात असतात. दुखतंय का विचारलं तर उत्तर नाही, किंवा सगळ्यालाच 'हो'. त्या हात झटकतात, आंघोळीला ओरडतात, आणि घरात म्हणतात, हल्ली हट्टी झाल्यात. अशा माणसांसाठी वॉर्डन, हर्ली आणि व्होलिसर यांनी २००३ मध्ये अमेरिकेत 'पेनॅड' नावाची मोजपट्टी तयार केली. लहान मुलांसाठी तशीच 'फ्लॅक' आहे, १९९७ ची. पेनॅड घरीही वापरता येते आणि तिला पाचच गोष्टी लागतात.

आधी पाच मिनिटं नुसतं बघायचं. मग प्रत्येकीला ०, १ किंवा २. श्वास: शांत असेल तर ०, मधूनच धाप लागत असेल तर १, आवाज करत ओढून घेतलेला असेल तर २. आवाज: काही नाही ०, अधूनमधून कण्हणं १, वारंवार हाका, मोठ्यानं कण्हणं किंवा रडणं २. चेहरा: हसरा किंवा कोरा ०, कपाळाला आठ्या किंवा भेदरलेला १, वेडावाकडा आक्रसलेला २. अंग: सैल ०, ताणलेलं किंवा चुळबुळणारं १, ताठरलेलं, मुठी आवळलेल्या, गुडघे पोटाशी, हात लावू न देणं २. समजूत: गरजच नाही ०, बोलून किंवा गोंजारून शांत होतात १, कशानंच होत नाहीत २. बेरीज दहापैकी. १ ते ३ सौम्य, ४ ते ६ मध्यम, ७ ते १० तीव्र.

चुका ठरलेल्या आहेत. आजी निवांत पडलेल्या असताना मोजून शून्य लिहायचं आणि मोकळं व्हायचं, ही पहिली. दुखणारा खुबा पडल्या पडल्या बोलत नाही. कूस बदलताना, डायपर बदलताना, उठवून बसवताना बोलतो. तेव्हा एकदा निजलेलं असताना आणि एकदा हलवताना, दोन्ही वेळा मोजावं. दुसरी, पार्किन्सनच्या रुग्णाचा कोरा चेहरा बघून ० देणं. तिथं चेहऱ्याचे स्नायूच नीट हलत नाहीत, म्हणून अंग आणि आवाजाकडे जास्त लक्ष द्यावं. तिसरी मोठी: बेरीज ६ आली म्हणजे दुखतंयच, असं धरून चालणं. पट्टी त्रास मोजते. तो त्रास भुकेचा असेल, तुंबलेल्या लघवीचा असेल, चार दिवस पोट साफ न झाल्याचा, गार पाण्याचा किंवा हिरडीला टोचणाऱ्या कवळीचा असेल. औषधाआधी हे एकेक तपासून, दूर करून पुन्हा मोजायचं. आकडा उतरला नाही तर डॉक्टरांना विचारून वेदनाशामक द्यायचं आणि अर्ध्या ते एका तासानं तेच पाच रकाने पुन्हा भरायचे.

आणि हे सगळं वहीत, वेळेसकट. रात्रीच्या मावशी गेल्या की सकाळच्या मावशींना 'रात्री त्रास दिला' एवढंच कळतं, त्यातून डॉक्टरांच्या हाती काही लागत नाही. त्याऐवजी: 'स. ७.१०, डावीकडे कूस बदलताना. श्वास ०, आवाज १, चेहरा २, अंग २, समजूत १. एकूण ६. उजवीकडे बदलताना २. कवळी काढलेली, पोट काल साफ.' एवढं वाचल्यावर डॉक्टर आधी डावा खुबा आणि डावा खांदा तपासतात.